मोकळी दावण

१

उचगावात गणपतरावांच्या गोठ्यात धारा सुरू झाल्या, की म्हशीच्या आधी कॉम्प्युटर बोलतो. म्हैस धार काढायच्या जागेकडे वळते, तिच्या गळ्यातल्या पट्ट्यातली चिप खांबावरच्या यंत्राला दिसते, 'टिट' असा आवाज होतो आणि आतल्या खोलीत पडद्यावर तिचं नाव, फोटो आणि कालचं दूध उमटतं. मग लोखंडी फाटक आपोआप सरकतं आणि बाईसाहेब डुलत आत जातात.

ही सगळी करामत अनुजाची. गणपतरावांची एकुलती एक लेक. तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, तेव्हा गाव म्हणालं, पोरगी पुण्याला जाणार. ती गेली ती गोठ्यात. दोन वर्षं खपून तिनं हा प्रोग्रॅम लिहिला, आणि लिहिताना गावातल्या दीडशहाण्यांनी तिला हसून घेतलं. "म्हशींची हजेरी घेणार काय गं? गैरहजर ऱ्हायली तर पालकांना बोलावणार?" आता तेच दीडशहाणे पाहुण्यांना गोठा दाखवायला आणतात आणि जणू स्वतःच लिहिल्यासारखं समजावून सांगतात. अनुजा बाजूला उभी राहून ऐकते. तिला गंमत वाटते आणि अभिमानही वाटतो, आणि तो अभिमान ती लपवत नाही. लपवायला ती काय चोरी आहे?

पण यंदाच्या दिवाळीत तिच्यापुढे मोठी परीक्षा होती.

गणपतरावांचे गुडघे गेले होते. त्यांचा धाकटा भाऊ हंबीरराव म्हणत होता, "दादा, पोरीच्या जातीनं गोठा चालत नसतोय. गिऱ्हाईक तयार हाय, सगळी दावण एकदम उचलतोय. इकून टाका." गणपतराव एकदा जेवताना म्हणाले, "पाडव्याला म्हशी अनूच्या मागनं माळावर गेल्या, तर गोठा अनूचा. न्हाय गेल्या, तर हंबीर म्हणतोय तसं."

पाडव्याची ही रीत इकडच्या माणसाला सांगायला नको. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मालकानं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल दणकवत पुढं सुटायचं. कळपानं त्या आवाजामागे धावत माळ गाठायचा. उचगावात त्याला आणखी दोन अटी. मालकानं मागं वळून बघायचं नाही. जो बघतो त्याचा आपल्या जनावरावर भरवसा नाही, तो हरला. आणि कळप निखळ पाहिजे. एखादी म्हैस गळाली किंवा दुसऱ्याची घुसली, तर नाव गेलं.

पुरुषमाणसांची तारांबळ उडते तिथं आजवर एकाही बाईनं गाडी काढली नव्हती. अनुजा म्हणाली, "मी काढतो." कोल्हापूरची पोरगी ती, 'काढते' कशाला म्हणेल!

२

नेमका त्याच सुमाराला कॉम्प्युटर कुंथायला लागला. आतला ड्राइव्ह लहान होता आणि गच्च भरला होता. म्हैस खांबापाशी येऊन उभी राही आणि यंत्र विचार करत बसे. कळपाची म्होरकी भिंगरी. तिला वाट बघायची सवय नाही. तिनं एकदा फाटकाला अशी टक्कर दिली की बिजागरी वाकली.

अनुजानं कोल्हापुरात राजारामपुरीतून चौपट मोठा एसएसडी ड्राइव्ह आणला. दुपारी म्हशी रवंथ करत बसल्या असताना तिनं तो यूएसबीच्या वायरीनं जोडला आणि जुन्या ड्राइव्हची नक्कल त्यावर उतरवायला लावली. गणपतराव काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले.

"ह्यातनं त्यात नेमकं काय जातंय म्हणायचं?"

"सगळं, आबा. विंडोज, माझा प्रोग्रॅम, म्हशींची नावं, फोटो. जसंच्या तसं. काडी हिकडची तिकडं होणार न्हाय."

"म्हंजे एका गोठ्यातली दावण सोडून दुसऱ्या गोठ्यात."

"व्हय की! बरोबर बोललासा. आणि नवा गोठा चौपट. जुनं सगळं एका कोपऱ्यात मावतंय."

तिनं पडद्यावर दाखवलं. एक आडवी पट्टी होती. डावीकडचा तुकडा निळा, त्यात सगळं सामान. त्याच्या उजवीकडे लांबच लांब काळी पट्टी. "ही सगळी मोकळी जागा. पुढच्या साली म्हशी वाढतील, कॅमेरे बसवू, तवा तिथं नीट वेगळी खोली पाडीन."

गणपतरावांनी त्या काळ्या पट्टीकडे बराच वेळ बघितलं. "मोकळी ठेवणार?"

"तवर ठेवणार की."

"मोकळी दावण ठेवू नये, अनू. काय तर येऊन बांधून घेतंय."

अनुजा खो खो हसली. बापाचा हा जुना हट्ट तिला ठाऊक होता. जुन्या गोठ्याला लागून नवा पत्र्याचा गोठा बांधून झाला होता, तिथं अजून एकही म्हैस नव्हती. म्हाताऱ्यानं गुडघे दुखत असताना तिथल्या प्रत्येक खुंट्याला वाळल्या गवताची एकेक गाठ मारून ठेवली होती. खुंटा रिकामा दिसू नये म्हणून. त्याच सकाळी अनुजानं व्हिडिओ काढायला नवा गोठा धुतला, आणि त्या गाठी कचऱ्यासारख्या दिसतात म्हणून विळ्यानं कापून टाकल्या होत्या. हे तिनं सांगितलं नाही. म्हाताऱ्याला कशाला उगीच दुखवा!

नक्कल पुरी झाली. तिनं खोक्याचं झाकण उघडलं, जुना ड्राइव्ह काढून बाजूला वायरीवर लावला, नवा त्याच्या जागी बसवला, चार स्क्रू पिळले आणि बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा उजळला. भिंगरीपासून म्हाताऱ्या सावळीपर्यंत सगळी नावं हजर. धार काढणारा शिवलिंग सीमेकडचा, अनुजाला अक्का म्हणायचा, तो दारातून डोकावून म्हणाला, "अक्का, गाडीच्या आधी हे पळालं की!"

अनुजानं त्याला दोन पेढे दिले आणि तीन स्वतः खाल्ले.

३

संध्याकाळच्या धारा अशा झाल्या की बघत राहावं. टिट, फाटक. टिट, फाटक. कुठं थांबणं नाही, खोळंबा नाही. भिंगरी तर फाटकाकडे संशयानं बघतच आत गेली. शेवटी सावळी आली. ती म्हातारी, नेहमी शेवटची. तिची धार झाली, ती निघाली, आणि शिवलिंगनं बादल्या उचलायला हात घातला.

टिट.

फाटक सरकलं. एका जनावराला आत यायला लागतो तेवढा वेळ उघडं राहिलं आणि पुन्हा बंद झालं.

"अक्का, आणि एक हाय काय?" शिवलिंगनं बाहेरून विचारलं.

अनुजानं पडद्याकडे बघितलं. फोटोची चौकट काळी होती. नावाची जागा कोरी. कालच्या दुधासमोर एक आडवी रेघ.

"न्हाय, न्हाय. नवीन हाय ते. शिकालंय अजून."

तिला कारण सापडायला वेळ लागला नाही. जुना ड्राइव्ह अजून वायरीवर लटकत होता. एका खोक्यात एकासारखे एक दोन गोठे म्हटल्यावर यंत्र बावचळणारच. शेवटची म्हैस दोन्हीकडे मोजली गेली असणार. पण मग सावळीचंच नाव का दिसलं नाही? असेल काही. तिनं जुना ड्राइव्ह काढला. आणि काम अर्धवट ठेवायची सवय नव्हती म्हणून, लॅपटॉपला लावून तो पार पुसून टाकला. आता जुनं काही उरलंच नाही, तर दोनदा दिसेल कुठून? स्वतःच्या कामावर इतका भरवसा, की परतीची वाटही तिनं झाडून स्वच्छ करून टाकली.

सकाळी सावळी गेल्यावर पुन्हा 'टिट' झालं. फाटक सरकलं. या वेळी ते थोडं जास्त वेळ उघडं राहिलं, एखाद्या लांब अंगाच्या जनावरासाठी राहावं तसं.

शिवलिंग बादल्या घेऊन दुसऱ्या वाटेनं गेला.

४

त्या दुपारी अनुजानं ड्राइव्हची पट्टी पुन्हा उघडली. डावीकडे निळा तुकडा, उजवीकडे काळी मोकळी जागा. मात्र मधोमध, निळ्याला अगदी खेटून, एक नवा चौकोन होता. तो तिनं पाडलेला नव्हता. त्याला नाव नव्हतं, C किंवा D असं अक्षर नव्हतं, आत काय आहे याचा पत्ता नव्हता. चौकोनात एकच इंग्रजी शब्द होता, 'Healthy'. म्हणजे धडधाकट.

तिनं डोळे चोळले. मोकळ्या जागेत आपोआप काही उगवत नाही, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमनं काहीतरी मागे ठेवलं असेल. विंडोजचं अपडेट असेल. अशी कारणं तिनं चार-पाच मांडली आणि प्रत्येक कारण तिला पटलं; पटलं नाही ते एवढंच, की तासाभरानं पुन्हा बघितलं तेव्हा चौकोन रुंद झाला होता.

गोठ्यात गेली तर आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या दावणीतल्या सगळ्या म्हशी आपापलं दावं ताणून एका अंगाला सरकल्या होत्या. नव्या गोठ्याच्या बाजूची जागा मोकळी सोडून सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. भिंगरी, जी शेजारणीचं शिंग लागलं तरी खवळते, ती सावळीच्या पोटाला पोट लावून उभी होती.

"काय गं, थंडी वाजती?" अनुजानं तिच्या पाठीवर थाप मारली. कातडं ओलं होतं. घामानं.

नव्या गोठ्याचं दार पत्र्याचं. तिनं ते लोटलं. भर दुपारचं ऊन वरच्या झरोक्यांतून जमिनीवर पडलं होतं. खुंटे ओळीनं उभे, गव्हाणी कोऱ्या, सिमेंटचा वास. कुणी नव्हतं. असणार तरी कोण?

ती परत फिरणार, तेवढ्यात तिच्या कानावर रवंथ करण्याचा आवाज आला. सावकाश, ओला, दाढेवर दाढ घासल्याचा. जन्म गोठ्यात गेलेल्या माणसाला त्या आवाजानं झोप येते. अनुजा मात्र दाराची कड धरून ऐकत राहिली. जुन्या गोठ्यातला आवाज पत्र्यावर आपटून इकडे येत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं, की जुन्या गोठ्यात एकही म्हैस रवंथ करत नाहीये. सगळ्या श्वास रोखून उभ्या आहेत.

टोकाच्या गव्हाणीचं सिमेंट ओलं होतं. चाटून चाटून गुळगुळीत केल्यासारखं. आणि आवाज येत होता तो गव्हाणीतून नव्हे. तिच्या डोक्याच्या वर कुठंतरी, पत्र्याच्या जवळून.

तिनं दार ओढून घेतलं. पळाली मात्र नाही. गोठ्यात पळायचं नसतं, जनावरं बिथरतात.

५

जागा मोकळी आहे ही अडचण असेल तर ती भरून टाकावी, असा सरळ विचार तिनं केला. निळा तुकडा ओढून पट्टीच्या टोकापर्यंत वाढवायचा. एका बटणाचं काम. पण निळा वाढायचा तर मोकळी जागा त्याला लागून पाहिजे, आणि मध्ये तो चौकोन उभा. चौकोन पुसायला गेली, तर पडद्यावर उत्तर आलं की ही जागा वापरात आहे.

"कोण वापरतंय?" ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर फाटक सरकल्याचा आवाज आला. धारांची वेळ नव्हती.

मग मात्र ती उठून बापाकडे गेली. सोप्यात गणपतराव कवड्यांच्या माळा ओवत बसले होते. गवताच्या गाठी कापल्याचं तिनं सांगितलं, बाकीचंही सांगितलं. म्हातारा ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी सुई खाली ठेवली फक्त.

"वैरण टाकलीस काय तिथं?"

"न्हाय."

"हाक मारलीस?"

"न्हाय, आबा."

"मग बरं हाय. आलंय तर आलंय. वैरण टाकायची न्हाय, हाक मारायची न्हाय आणि आपलं म्हणायचं न्हाय. तीन गोष्टी. कुणाचंच नसल्यावर कट्टाळून जातंय."

"पण असतंय काय ते?"

"मला काय ठावं? माझ्या बानं सांगितलं, मी ऐकलं. तू माझं ऐकलं न्हाईस, एवढाच फरक." त्यांनी सुई पुन्हा उचलली. "एकदा आपलं म्हटलं की मग जात न्हाय. मग सांभाळाय लागतंय."

शिवलिंगला बरोबर घेऊन तिनं नव्या गोठ्यात पुन्हा प्रत्येक खुंट्याला गवताची गाठ मारली. टोकाच्या खुंट्याला मारताना शिवलिंग दारातच थांबला आणि ती एकटी गेली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या गाठी जिथल्या तिथं होत्या. टोकाची नव्हती. खुंट्यावर ओली लाळ होती, आणि खुंटा कशानं तरी ओढल्यासारखा एका बाजूला कलला होता.

पाडवा दुसऱ्या दिवसावर आला होता. अनुजानं ठरवलं, पाडवा होऊ दे. गोठा आधी आपला होऊ दे, मग त्यातलं काय काढायचं ते बघू.

६

पाडव्याच्या सकाळी म्हशी अशा सजल्या, की नवरीनं लाजावं. शिंगांना गुलाबी आणि हिरवा रंग, कपाळाला मोरपिसं, पायांत घुंगरं, अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी. भिंगरीच्या कुशीवर अनुजानं स्वतः वस्तऱ्यानं वेलबुट्टी काढली होती. फाटकाबाहेर सगळा रस्ता माणसांनी भरलेला, हलगी कडाडत होती. हंबीरराव आपल्या गिऱ्हाइकाला जीपमध्ये बसवून माळावर घेऊन गेला होता. गणपतरावांनाही त्याच जीपमध्ये चढवलं.

अनुजानं फेटा बांधला, गाडीला किक मारली. सायलेन्सर नसलेल्या गाडीचा धडधडाट छातीत उतरला. शिवलिंगनं दावी सोडली.

"हीऽऽयो!" तिनं हाळी दिली. "चल भिंगरेऽऽ!"

एकही म्हैस हलली नाही.

गोठ्यातून बाहेर पडायचं तर नव्या गोठ्याच्या दारावरून जावं लागतं. सगळा कळप खांद्याला खांदा लावून त्या दाराकडे बघत उभा होता. अनुजानं पुन्हा हाळी दिली. गर्दीत कुणीतरी हसलं. "कॉम्प्युटरला सांग की, बटण दाबाय!" तिच्या कानशिलांना आग लागली. दोन वर्षांचं काम, बापाची दावण, तिचं नाव, सगळं त्या दारापाशी अडकून पडलं होतं. आयुष्यात इतकं अपमानित तिला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. टिट.

पत्र्याचं दार आतून हललं. आणि कळप फुटला नाही, उधळला नाही. एका अंगाचा असल्यासारखा एकदम सुटला. अनुजानं गाडी सोडली. तिच्या मागे घुंगरांचा आणि खुरांचा असा गडगडाट उठला, की उचगावानं तसा कधी ऐकला नव्हता. दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती. "आर्रर्र, काय कळप हाय! सुतात ओवल्यावानी!" "गणपतरावाची पोरगी रं!" भिंगरीचा उष्ण श्वास तिच्या पाठीला लागत होता. अनुजाचं ऊर भरून आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं की आनंदानं, कोण जाणे.

तिला एकच गोष्ट ऐकू येत होती आणि ती ऐकायची नव्हती. सगळ्या खुरांच्या मागे, घुंगरं नसलेली आणखी पावलं होती. जड, लांब लांब पडणारी. कळप तिच्या मागे येत नव्हता. कळप त्या मागच्या पावलांपासून पळत होता.

तिनं मागं वळून बघितलं नाही. रीत होती.

माळावर खुणेच्या काठीपलीकडे तिनं गाडी थांबवली. म्हशी येऊन तिच्याभोवती गोळा झाल्या, तोंडाला फेस, पोटं धपापत. एकही गळाली नव्हती. लोकांनी तिला गाडीवरून उचललं, गुलाल उधळला, कुणी नारळ फोडला. गणपतराव काठी टाकून लंगडत आले आणि त्यांनी चारचौघांत लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "नाव राखलंस, पोरी," ते म्हणाले. आयुष्यभर या एका वाक्यासाठी ती खपली होती.

मग कळपाच्या मागच्या बाजूला उभा असलेला एक जुना जाणकार म्हणाला, "व्वा! पण ही शेवटची कुठनं आणली रं? काय जनावर हाय!"

आता वळून बघायला हरकत नव्हती. अनुजानं बघितलं.

सावळीच्या मागे धुरळा अजून बसला नव्हता. बाकी सगळीकडे बसला होता, तेवढ्या जागी नाही. त्यात काहीतरी काळं उभं होतं. शिंगांना रंग नव्हता. सगळ्या म्हशी भात्यासारख्या धापा टाकत होत्या, त्याचं काही हलत नव्हतं. आणि पलीकडे बांधावर उभ्या राहिलेल्या माणसांचे फेटे इतर म्हशींच्या पाठीवरून दिसत होते. त्याच्या पाठीवरून दिसत नव्हते.

"ती आपली न्हाय," हंबीरराव पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. "गळ्यात पट्टा कुठाय तिच्या? दुसऱ्याची घुसलीया. कळप निखळ न्हाय. दादा, शब्द म्हंजे शब्द!" तो गर्दीकडे वळला. "ईचारा की तिलाच. अनू, कुणाची गं ती?"

हलगी थांबली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघायला लागलं. गणपतरावांनी तिच्याकडे बघून मान हलवली, अगदी बारीक. नको म्हणून.

'आमची नाही' एवढे दोनच शब्द. ते म्हटले असते तर गोठा गेला असता, आणि तेही गेलं असतं जिथून आलं होतं तिथं. भिंगरी गिऱ्हाइकाच्या ट्रकात चढली असती. गावानं पुन्हा विचारलं असतं, बटण दाबलं नाही का म्हणून.

अनुजानं फेटा सारखा केला.

"आमचीच हाय," ती म्हणाली, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी. "नवीन हाय. पट्टा घालायचा ऱ्हायलाय."

हलगी पुन्हा कडाडली. लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. वरून तिला बापाचं तोंड दिसलं. त्यावर अभिमान होता, खराखुरा, आणि भीतीही होती. त्यातलं कुठलंच दुसऱ्याला हटवत नव्हतं.

७

संध्याकाळी अनुजानंच धारा काढल्या. भिंगरी पहिली, सावळी शेवटची. मग टिट. फाटक सरकलं, बराच वेळ उघडं राहिलं, बंद झालं. शिवलिंग अजून आला नव्हता. तो येईल असं अनुजाला वाटत नव्हतं.

तिनं पट्टी उघडून बघितली. मधला चौकोन नव्हता. काळी मोकळी जागाही नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळी पट्टी होती आणि त्यात तोच एक शब्द होता. जागा भरली होती. कॉम्प्युटर इतका सुरेख चालत होता की तक्रारीला जागा नव्हती.

बाहेर गोठ्याच्या कट्ट्यावर पाडव्याच्या पणत्या लावलेल्या. गणपतराव उसाच्या वाड्याची, म्हणजे शेंड्याच्या पाल्याची पेंढी ओढत नव्या गोठ्याकडे निघाले होते. गुडघ्यांनी एकेक पाऊल टाकत.

"आबा, काय करालाय?"

"आपली म्हटलीस न्हवं?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मग उपाशी ठिवायची रीत न्हाय आपल्यात."

अनुजानं त्यांच्या हातातली पेंढी घेतली. "तुमी बसा. गोठा माझा हाय आता."

म्हातारा बसला. तिनं पत्र्याचं दार लोटलं. आत उजेड कमी होता, पण टोकाच्या खुंट्याचं दावं तेवढं दिसत होतं. ते तिनं बांधलेलं नव्हतं. ते ताणलेलं होतं. खुंट्यापासून म्हैस उभी राहील तिकडे नव्हे, सरळ वर, पत्र्याखालच्या अंधारात.

रवंथाचा आवाज थांबला.

भीती वाटत होती. खोटं कशाला बोला! पण तिच्या गोठ्यातलं जनावर होतं ते, आणि अनुजाच्या गोठ्यातलं जनावर भुकेलं राहिलं असं उद्या कुणी म्हणता कामा नये. ती गव्हाणीपर्यंत गेली आणि पेंढी पुढे धरली.

गव्हाणीत काही हललं नाही. वरून, तिच्या फेट्याच्या वरून, उष्ण श्वास आला आणि पेंढी तिच्या हातातून हळूच, सावकाश, वर घेतली गेली.

अनुजा तशीच उभी राहिली. वर दाढा चालू झाल्या. उसाचा गोड वास गोठाभर पसरला.

"एवढ्यानं व्हतंय काय तुझं," ती म्हणाली, आणि दुसरी पेंढी आणायला वळली.